जोडीने चेंडू खेळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी प्राथमिक शाळेतल्या मुलांचे खेळाचे तास घेते आणि सुट्टीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तोच उद्योग चालू असतो. पालक, अंगणवाडीताई आणि नव्याने नेमणूक झालेले शिक्षक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सगळं वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा; एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून अधूनमधून दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवलं आहे.

१. जोडीचा चेंडूखेळ म्हणजे कॅच-कॅचच ना? त्यात शिकवण्यासारखं काय आहे?

बाहेरून बघितलं तर हो, कॅच-कॅचच. फरक एका नियमाचा आहे: झेल सुटला की आधी फेकणाऱ्याला विचारायचं. गल्लीत आपण उलटं करतो. ज्याच्या हातून सुटला त्याला "हाताला भोकं पडलीत का रे?" असं सगळे मिळून ओरडतात. इथे फेकणाऱ्याला विचारायचं, "तिला झेलता येईल असा टाकला होतास का?"

एवढ्याने खेळ बदलतो. चेंडू टाकण्याआधी समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. तो तयार आहे की केस मागे सारतोय, त्याला उंच लागतो की कमरेएवढा, जोर किती द्यायचा, हे सगळं दुसऱ्याच्या बाजूने ठरवावं लागतं. "मिळून-मिसळून वागा" हे वर्गात शंभरदा सांगून जे होत नाही, ते इथे हाताला करावंच लागतं. चेंडू घरंगळवणं, दोघांच्या पाठींमध्ये धरून चालणं, पंच्यावर उडवणं हे सगळे याचेच प्रकार. दोघांचं मिळून जमतं, नाहीतर दोघं मिळून पुन्हा सुरुवात करतात.

२. कितव्या वर्षापासून खेळवता येईल?

आधाराशिवाय नीट बसणाऱ्या बाळाकडे चेंडू घरंगळवला की ते हात मारतं, आणि काही महिन्यांनी आपल्याकडे परतही ढकलतं. खेळाची सुरुवात तिथेच झाली. मोठा, हलका चेंडू बऱ्याच वेळा झेलता येणं हे साधारण ४ वर्षांच्या आसपास जमतं, त्यामुळे त्याआधी "झेल, झेल" म्हणून मागे लागू नका.

दोन समवयस्क मुलांची जोडी लावायची घाई मात्र करू नये. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले. शेजारी बसून आपापलं खेळणं आणि एकमेकांत मिळून खेळणं, हे त्यात वेगवेगळे टप्पे आहेत. दोन-अडीच वर्षांची दोन मुलं समोरासमोर बसवली की दोघंही चेंडू पोटाशी धरून बसतात. तो हट्टीपणा नव्हे, वय आहे. त्या वयात जोडी मोठ्या माणसाबरोबर: आई, आजोबा, अंगणवाडीताई. बालवाडीच्या वरच्या गटापासून मुलं-मुलं चालतात.

३. चेंडू कोणता घ्यावा?

जत्रेत किंवा स्टेशनरीच्या दुकानाबाहेर जाळीत टांगलेला असतो तो मोठा, पातळ प्लॅस्टिकचा चेंडू. त्याची थोडी हवा काढता आली तर उत्तम. किंचित पिचका चेंडू हातातून उसळून जात नाही, लागला तरी दुखत नाही, आणि घाबरट मुलालाही बोटं रुतवून धरता येतो. नव्याकोऱ्या टणक चेंडूपेक्षा महिनाभर जुना चेंडू मला जास्त आवडतो.

टेनिसचा चेंडू सगळ्यांच्या घरी असतो म्हणून तोच आणला जातो. तो जेमतेम ५८ ग्रॅमचा, पण लहान आणि फार उसळी घेणारा. दुसरी-तिसरीपर्यंत थांबा. ५ नंबरचा फुटबॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, लहान मुलाच्या छातीवर तो धप्पकन बसतो. व्हॉलीबॉल २६० ते २८० ग्रॅम, तो चौथीच्या पुढे चालेल. सीझनचा चेंडू या खेळांत कुठेच नको.

सगळ्यांत स्वस्त तो मोज्यांचा. जोडी हरवलेले मोजे प्रत्येक घरात असतातच. दोन मोजे गुंडाळून तिसऱ्यात कोंबायचे, तोंडाला पीळ देऊन तेच उलटं करून वर चढवायचं, पुन्हा पीळ, पुन्हा उलटं. सुईदोऱ्याचे चार टाके घातले की वर्षभर बघायला नको. हा चेंडू उसळत नाही, पळत नाही, काच फोडत नाही, आणि मळला की धुता येतो.

दोन सूचना. ३ वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात साडेचार सेंटिमीटरपेक्षा लहान चेंडू देऊ नका, तो घशात अडकू शकतो. फुगा सावकाश खाली येतो म्हणून शिकायला छान, पण फुटला की तुकडे लगेच वेचा. ते तोंडात गेले तर चेंडूपेक्षा वाईट.

४. पहिल्या दिवशी काय घ्यायचं? क्रमाने सांगा.

मी बहुतेक वेळा असा क्रम लावते. सगळं मिळून २५ मिनिटं, त्यापेक्षा जास्त नको.

आधी जमिनीवर. दोघांनी समोरासमोर पाय फाकून बसायचं, तळव्याला तळवे टेकवायचे. मधे जे चौकोनी अंगण तयार होतं त्यात चेंडू घरंगळवायचा. अंगणाबाहेर न जाऊ देता दहा वेळा. आकडा दोघांनी मोठ्याने म्हणायचा, आणि एकत्र म्हणायचा. इथेच कळतं की कोण "एक" म्हणण्याआधीच ढकलतो आणि कोण दुसऱ्याची वाट बघतो.

मग उभं राहून टप्पा. तीन पावलांचं अंतर, मधोमध खडूची फुली, चेंडू फुलीवर आपटून समोरच्याकडे. टप्प्याने वेग मरतो आणि झेलणाऱ्याला डोळ्यांनी मागोवा घ्यायला वेळ मिळतो. त्यानंतर नावाची फेक: आधी नाव, मग समोरच्याची मान हललेली बघायची, मगच खालून टाकायचा. नाव न घेता टाकलेला चेंडू मोजायचा नाही.

आता अंतर. झेल जमला की दोघांनी एकेक पाऊल मागे, सुटला की दोघांनी एकेक पाऊल पुढे. दोघांनी, हे महत्त्वाचं. सुटणाऱ्याला एकट्याला पुढे बोलावलं की ती शिक्षा होते.

शेवटी पंचा. दोघांनी चार टोकं धरायची, मधे चेंडू ठेवायचा आणि उडवून पुन्हा पंच्यावरच झेलायचा. पहिल्या प्रयत्नात हमखास एक जण जोर लावतो आणि चेंडू दुसऱ्याच्या डोक्यावरून मागे जातो. दोन-तीनदा असं झालं की आपोआप "एक, दोन, हं!" सुरू होतं. तो "हं" त्यांनी स्वतः शोधलेला असावा म्हणून मी गप्प बसते. एकदा तिसरीतल्या दोन मुलींनी मोजायचंही सोडून दिलं होतं. दोघी एकदम श्वास घ्यायच्या आणि एकदम उडवायच्या. सव्वीसपर्यंत गेल्या, आणि सत्ताविसाव्याला हसू आलं म्हणून चेंडू पडला.

५. जोड्या कशा पाडायच्या? "आपापला भिडू निवडा" म्हटलं की दोन-तीन मुलं कायम उरतात.

मग ते वाक्यच म्हणू नका. या पूर्ण पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हीच ठेवा. खेळ कितीही प्रेमळ असो, सुरुवातीच्या त्या अर्ध्या मिनिटात उरलेल्या मुलाला जे कळायचं ते कळून जातं.

माझ्याकडे एक मुलगा होता. जोड्या पाडायची वेळ आली की तो खाली वाकून सँडलचा पट्टा लावायचा. वेल्क्रोचा पट्टा, एकदा दाबला की झालं. पण तो काढायचा, लावायचा, पुन्हा काढायचा. माझ्या लक्षात यायला महिना गेला. कोणी घेत नाही हे दिसू नये म्हणून तो कामात असल्याचं दाखवत होता.

तेव्हापासून मी पत्ते वाटते. दोन सत्त्या एक जोडी, दोन राजे एक जोडी. पत्ते नसले तर पिंपळाची किंवा बदामाची पानं मधोमध फाडायची आणि अर्धं पान ज्याच्याशी जुळेल तो भिडू. पान जुळवण्यातच निम्मी ओळख होते. आणि दर तीन-चार मिनिटांनी जोडी बदला. "हिच्याबरोबर नको" अशी कुरकुर अर्ध्या तासाच्या जोडीबद्दल होते. तीन मिनिटांसाठी कोणी फारसं भांडत नाही. खरोखरच वैर असलेल्या दोघांचं काय करायचं ते प्रश्न १६ मध्ये.

६. मुलांची संख्या विषम असेल तर?

त्रिकूट करा. तिघं त्रिकोणात उभी, चेंडू ज्याच्याकडून आला त्याला परत न देता तिसऱ्याला द्यायचा. उरलेल्या मुलाला "तू मला मदत कर" म्हणून शिट्टी देऊन बसवू नका, आणि तुम्ही स्वतः त्याचे भिडू होऊ नका. बाईंचा भिडू ही पदवी चौथीत कोणालाच नको असते. पुढच्या फेरीत त्रिकुटात दुसरी मुलं येतील एवढं बघा.

७. माझी मुलगी चेंडू आला की डोळे मिटून मान फिरवते. धीट कशी करू?

"डोळे उघडे ठेव" हे सांगून उपयोग नाही. तोंडाकडे काही आलं की पापण्या मिटतात, ती शरीराची सवय आहे. आधी कधीतरी नाकावर बसलाही असेल.

ओढणीपासून सुरू करा. पातळ ओढणीची सैल गाठ मारून वर उडवा, ती तरंगत खाली येते. मग मोज्यांचा चेंडू, तोही टप्प्याने नाही तर घरंगळवत. मग पिचका चेंडू, मांडीच्या उंचीवर. हात पुढे ताठ धरायला लावू नका. पोटाशी दोन्ही हातांची झोळी करून चेंडू त्यात पडू दे. फेकणाऱ्याला सांगा की आधी चेंडू दाखव, मग टाक.

आणि एक तपासा. चेंडू नेहमी एकाच बाजूने सुटत असेल, किंवा अगदी जवळ आल्यावरच ती हात हलवत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा नेऊन आणा. भित्री म्हणून हिणवलेल्या मुलीला नुसता चष्मा लागलेला निघाला, असं मी स्वतः पाहिलंय.

८. एक मुलगा मुद्दाम जोरात मारतो. त्याला बाहेर बसवू का?

आधी "मुद्दाम" हे खात्रीचं आहे का ते बघा. गल्ली क्रिकेटमध्ये वाढलेल्या बऱ्याच मुलांना एकच फेक माहीत असते, स्टंपवर मारायची. हळू टाकणं हे त्यांना शिकवलेलंच नसतं, आणि ते वाटतं तितकं सोपंही नाही.

अशा मुलाला मोज्यांचा चेंडू द्या आणि मोजणी बदला: गुण फेकीला नाही, समोरच्याच्या झेलाला. झेलणाऱ्याने "ये" म्हटल्याशिवाय टाकायचा नाही, हा अधिकारही समोरच्याकडे द्या. बहुतेक जण दोन दिवसांत येतात ताळ्यावर. तरीही कोणी जाणूनबुजून तोंडावर मारत असेल तर फेकाफेकी बंद करून त्याला पंच्याच्या किंवा पाठीने चेंडू वाहायच्या खेळात घ्या. तिथे जोर लावला की त्याचाही चेंडू पडतो. बाहेर बसवलं की तो बाहेर बसून बाकीच्यांना हसवतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

९. मुलं लगेच "आमचे वीस झाले, तुमचे?" सुरू करतात. स्पर्धा थांबवायची का?

पूर्ण थांबणार नाही आणि थांबवायचीही गरज नाही. कोणाशी लावायची ते मात्र आपल्या हातात आहे. मी फळ्यावर सगळ्या जोड्यांचे झेल मिळवून एकच आकडा लिहिते. काल वर्गाचे ३१२ झाले होते, आज? मग ज्या जोडीचे चारच होतात तिचे चारही हवेसे वाटतात.

याला आधार आहे. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात ११ वर्षांच्या आसपासच्या २२ मुलग्यांचं शिबिर घेतलं. दोन गट पाडून सामने लावले, तर गटांत शिवीगाळ, झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी इथपर्यंत मजल गेली. नंतर त्यांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं, तेव्हा एकमेकांना अन्न फेकून मारलं. निवळलं कधी, तर पाण्याचा पुरवठा बंद पडला आणि ट्रक अडकला तेव्हा, म्हणजे सगळ्यांनी मिळून केल्याशिवाय सुटणार नाही अशी कामं पुढे आली तेव्हा. आज असं शिबिर कोणी घेऊ नये हे वेगळं. पण स्नेहसंमेलनात सगळ्यांना एका पंगतीला बसवलं की मैत्री होते, असं मानणाऱ्यांनी ते अन्न फेकणं आठवावं.

१०. पाचवी-सहावीत मुलगे-मुली एकमेकांचे भिडू व्हायला तयार नसतात. जबरदस्ती करावी का?

स्पर्शाची तर कधीच नाही. पाठीला पाठ लावून चेंडू नेणं दुसरीत धमाल असतं, सहावीत ते अवघड होतं, आणि ते समजून घ्यावं. या वयात मधे काहीतरी वस्तू ठेवा. पंचा आहेच. दोन लाकडी फूटपट्ट्यांवर चेंडू तोलून दोघांनी भिंतीपर्यंत न्यायचा. त्यात दोघांत हातभर अंतर राहतं आणि लक्ष सगळं चेंडूवर. पत्त्यांनी जोड्या पडल्या की "तुझा तो, माझी ही" असं चिडवायलाही जागा उरत नाही, कारण निवड कोणाचीच नसते.

कुठल्याही वयाचं मूल "मला पाठ लावायची नाही" म्हणालं की तिथे थांबायचं. कारण विचारायचं नाही.

११. नवीन आलेल्या मुलाला मराठी येत नाही. तो कोपऱ्यात उभा राहतो.

चेंडूखेळाचा खरा उपयोग इथे. वीटभट्टीवर, बांधकामावर, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं वर्षाच्या मधेच वर्गात येतात आणि बऱ्याचदा मधेच जातात. त्यांच्याशी बोलायला भाषा नसते, पण चेंडू टाकायला ती लागत नाही.

नावाची फेक (प्रश्न ४) आधी घ्या, आणि त्याचं नाव सगळ्यांना नीट म्हणता येतंय ना ते बघा. "ए नवीन" चालणार नाही. मग मोजणी त्याच्या भाषेत करा. आमच्याकडे एक कन्नड बोलणारी मुलगी आली होती. पहिले दहा मराठीत, पुढचे दहा तिच्या भाषेत असं ठरलं. ओंदु, एरडु, मूरु... चौथ्यावर सगळे अडकले आणि तिच्याकडे बघायला लागले. ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली ती तेव्हा, "नाल्कु!" आणि तेही वैतागून.

घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिनोन्महिने अवाक्षर काढत नसेल, तर ती गोष्ट वेगळी. त्याला नाव घ्यायचा आग्रह करू नका, हात वर केला तरी पुरे, आणि पालकांना बालमानसतज्ज्ञांशी बोलायला सुचवा.

१२. मैदान नाही. पावसाळ्यात तर काहीच करता येत नाही.

यातल्या निम्म्या खेळांना दोन सतरंज्यांएवढी जागा पुरते. बसून घरंगळवणं, पंचा, फूटपट्ट्या हे सगळं व्हरांड्यात होतं. बाकांच्या वर्गात शेजारच्या दोघांनी बाकावरच चेंडू फुंकरीने इकडून तिकडे न्यायचा; त्यासाठी टेबल टेनिसचा चेंडू आणा. पावसात एकच काळजी: शहाबादी फरशी ओली असेल तर उभ्याने काहीही नको, आणि पायमोज्यांवर तर नकोच नको.

पार्किंगमध्ये खेळत असाल तर गाड्या यायच्या-जायच्या वेळा टाळा आणि चेंडू गाडीखाली गेला तर मोठ्यानेच काढायचा.

१३. वर्गात ४० मुलं आणि चेंडू ३. रांगा लावून पाळी येते तोवर तास संपतो.

रांगच चुकीची. ४० मुलांना २० चेंडू लागतात, आणि ते मोज्यांचे असले तर एका शनिवारात तयार होतात. चेंडू करणं हाच जोडीचा पहिला खेळ: एक धरतो, एक पीळ देतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गांना गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य देण्याची तरतूद आहे, तेव्हा मुख्याध्यापकांकडे मागणीही करून ठेवा. पण मोजे आधी.

१४. मुलाला दिसत नाही / मूल चाकांच्या खुर्चीत आहे / ऑटिझम आहे. त्याला कसं घ्यायचं?

प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

न दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूला आवाज द्या. प्लॅस्टिकच्या चेंडूला चीर पाडून आत दोन-चार घुंगरं टाकायची आणि चिकटपट्टीने बंद करायचं. कॅरीबॅगेत गुंडाळलेला चेंडूही सरसरतो, घाईच्या वेळी तेवढं पुरतं. चेंडू जमिनीवरूनच येऊ द्या. दृष्टिहीनांसाठीचा गोलबॉल हा खेळ असाच चालतो: दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी तो १९४६ मध्ये तयार झाला, सव्वा किलोच्या चेंडूत घंटा असतात, आणि १९७६ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे. त्यात सगळे खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधतात, आणि वर्गातही हेच करावं. दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी, मग कोण कोणाला मदत करतंय हा प्रश्नच उरत नाही. खेळ चालू असताना बाकीच्यांनी शांत राहायचं, आणि हे तुम्हाला आधी पटवून द्यावं लागेल.

खुर्चीतल्या मुलाचा भिडू खुर्चीवर बसून खेळेल. साधी प्लॅस्टिकची खुर्ची चालते. सगळा वर्गच खुर्च्यांवर बसवला तर आणखी बरं. खाली पडलेला चेंडू कोणी उचलायचा हे आधी ठरवा, नाहीतर खेळाऐवजी वाकणंच होतं.

ऑटिझम असलेल्या मुलाला डोळ्यांत डोळे घालायला लावू नका. चेंडूकडे बघितलं तरी चालेल, प्रश्न १ मधला तोंडाकडे बघायचा नियम इथे सोडून द्या. खेळ रोज त्याच जागी, त्याच क्रमाने, त्याच भिडूबरोबर. प्रश्न ५ मध्ये जोडी बदलायला सांगितली आहे, ती याला लागू नाही. किती वेळा खेळायचं ते आधी दाखवा: दहा खडे मांडायचे, प्रत्येक फेकीला एक उचलायचा, खडे संपले की खेळ संपला. चेंडूचा स्पर्श किंवा वास त्रास देत असेल तर दुसरा आणा. मुलाचे थेरपिस्ट असतील तर त्यांना विचारून सुरू केलेलं केव्हाही चांगलं.

१५. घरी ९ वर्षांचा दादा आणि ४ वर्षांची ताई... म्हणजे चिमुरडी. दोघांना एकत्र खेळवलं की रडारड.

आपल्याकडे यावर जुना तोडगा आहे: लिंबूटिंबू. ती खेळेल, पण आऊट होणार नाही. एका अटीवर: तिला लिंबूटिंबू म्हणून नुसतं फिरवायचं नाही. तिचा चेंडू घरंगळत येईल, दादाने तो डाव्या हाताने किंवा एका पायावर उभं राहून अडवायचा. काम दोघांनाही अवघड आणि आकडा एकच. दादाचा अहंकार डाव्या हाताने बराच शमतो. आणि दादाला दिवसातून दहा मिनिटं त्याच्या जोडीच्या मित्राबरोबर वेगळी द्या. सतत समजूतदार राहण्याचा नऊ वर्षांच्या पोराला कंटाळा येतो.

१६. दोघांची कट्टी आहे. त्यांनाच जोडीला लावलं तर मिटेल का?

साधी कट्टी असेल तर मुद्दाम काही करू नका. पत्त्यांत दोघांची सत्ती निघाली तर निघू द्या, तीन मिनिटांत बऱ्याचदा बट्टी होते. "आता हात मिळवा" मात्र नको. सगळ्यांसमोर मिळवलेला हात मधल्या सुट्टीत परत सुटतो.

पण एक जण दुसऱ्याला सतत त्रास देत असेल, मारत असेल, डबा घेत असेल, चिडवून रडवत असेल, तर ती कट्टी नव्हे. त्रास सोसणाऱ्या मुलाला त्याच्याबरोबर जोडीला लावणं म्हणजे मैत्री शिकवायची जबाबदारी त्याच्याच गळ्यात घालणं. अशा दोघांना वेगळं ठेवा, पत्ते वाटताना खुशाल लबाडी करा, आणि तो विषय खेळाच्या तासाबाहेर मोठ्यांनी सोडवा. चेंडूने हे होत नाही.

१७. लगोरी, आबाधोबी, डॉजबॉल हेही चेंडूचेच खेळ. ते चालणार नाहीत का?

खुशाल खेळा, पण याच्याऐवजी म्हणून नव्हे. आबाधोबीत चेंडू माणसाला मारायचा असतो, इथे माणसाला द्यायचा असतो. लगोरी मधे कुठेतरी येते, रचणाऱ्यांना एकमेकांना सांभाळावं लागतं. एक गमतीचा प्रकार: लगोरी जोडीने रचायची, प्रत्येक ठिकरी दोघांनी एकेक बोट लावून उचलायची. वेळ लागतो, ठिकऱ्या पडतात, आणि पोरं सोडत नाहीत.

१८. किती दिवसांत फरक दिसतो? आणि तो ओळखायचा कसा?

आठवड्यातून तीनदा, २० ते २५ मिनिटं एवढं माझ्याकडे पुरतं. दिवस मोजून सांगणार नाही, वर्गागणिक वेगळं असतं. झेलांचा आकडा वाढणं हा सरावाचा भाग आहे, त्यावर जाऊ नका. तासाच्या बाहेर बघा. दप्तर उचलून देताना "धर हं" असं कोणी म्हणतं का? पाण्याची बाटली भिरकावण्याआधी नाव घेतं का? झेल सुटल्यावर फेकणारा "माझा चुकला" असं स्वतःहून म्हणतो का? मी हे वहीत टिपून ठेवते. त्या सँडलवाल्या मुलाच्या नावापुढे जानेवारीत एक ओळ आहे: "आज पट्टा लावला नाही."

१९. चेंडू शेजारच्या कंपाउंडमध्ये जातो आणि तिथले काका परत देत नाहीत. काय करावं?

हा प्रश्न दर सुट्टीत येतो. ज्या जोडीचा चेंडू गेला त्या दोघांनी मिळून मागायला जायचं, एकट्याने नाही आणि सगळ्या फौजेने तर मुळीच नाही. दुपारी दोन ते चार बेल वाजवायची नाही. एकाने बेल वाजवायची, दुसऱ्याने बोलायचं, आणि कोण काय करणार ते जिन्यातच ठरवायचं. आमच्याकडचे काका दोनदा रागावले, तिसऱ्यांदा चेंडू घेऊन खालीच आले आणि म्हणाले, "टाकतो, पण झेलायचा."